‘तिसा’ कुठे गेला? पाच वर्षं वापरलेल्या मीटिंगच्या अ‍ॅपबद्दल

गेल्या पावसाळ्यात आमच्या मोडीच्या ऑनलाइन वर्गात एका कागदावरून चांगलीच जुंपली. कागद पेशवेकालीन मोडीतला, इनामाच्या तंट्याचा. मी तो स्क्रीनवर लावला आणि नेहमीसारखं आधी साल काढायला सांगितलं. नाशिकचे तलाठीभाऊ वाचू लागले, “सन... खमसैन मया व अलफ.” म्हणजे पन्नास, शंभर आणि हजार. शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली कालगणना, ११५०. त्यात ५९९ मिळवले की १७४९. कोल्हापूरचे वकीलसाहेब लगेच म्हणाले, “म्हणजे शाहू महाराजांच्या शेवटच्या वर्षातला कागद की हो, बाई!” मी साताऱ्याची. शाहू महाराज इथेच, १७४९च्या डिसेंबरात गेले. त्या सालचा कागद कुणाला सापडला तर मीच आधी पेढे वाटीन. पण माझ्यासमोर स्वच्छ दिसत होतं, “तिसा खमसैन मया व अलफ.” तिसा म्हणजे नऊ. साल ११५९, इसवी सन १७५८-५९. महाराजांना जाऊन नऊ वर्षं झालेली.

मी म्हणतेय तिसा वाचा, ते म्हणताहेत तिसा नाहीच. दहा मिनिटं गेली. शेवटी मी स्वतःच्याच वर्गाला मोबाईलवरून दुसऱ्या खात्याने आत आले आणि बघितलं तर कागदाची डावी कड दोन बोटं कापलेली. वरच्या ओळीच्या शेवटी ‘सन’, खालच्या ओळीच्या सुरुवातीला ‘तिसा’, आणि नेमका तो तिसा कापात गेलेला. बाकीच्या ओळींचीही पहिली दोन-तीन अक्षरं गेली होती. पण मोडीत शब्द सुटे नसतात. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला धरून ओळ लिहीत जायची, त्यामुळे तुकडा गेला तरी ओळ तुटलेली वाटत नाही. आणि शिकणाऱ्याला न लागलेलं अक्षर कोणतं आणि न दिसलेलं कोणतं, हे कळायला मार्ग नसतो. सगळ्यांना वाटलं, आपल्यालाच वाचता येत नाहीये. कुणी काही बोललं नाही.

माझी या अ‍ॅपबद्दलची मुख्य तक्रार तीच आहे. ते बिघडतं, हे मी समजू शकते. पण बिघडल्याचं ते कुणाला सांगत नाही, आणि पलीकडचा माणूस दोष स्वतःच्या डोळ्यांना नाहीतर नेटला देऊन गप्प बसतो.

अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की वाचणारा त्या नावाच्या बाजूचा तरी होतो किंवा विरुद्ध तरी, आणि मुद्दा राहतो बाजूला. शिवाय खाली लिहिलेलं बरंचसं या जातीच्या कुठल्याही अ‍ॅपला लागू पडेल. मी जुन्या कागदपत्रांच्या सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि २०२० सालच्या टाळेबंदीत ऑनलाइन मोडी शिकवायला लागले. शनिवार-रविवार रात्री आठ ते साडेनऊ. बॅच चौदा जणांची. फुकटच्या मीटिंगला वेळेची मर्यादा होती, म्हणून वर्षाची वर्गणी भरली आणि दरवर्षी भरत आले. जाहिरातीत लिहिलं होतं की विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड, आयफोन, सगळीकडे एकसारखं चालतं. माझ्या वर्गात या पाचही जाती आहेत, त्यामुळे त्या वाक्याची परीक्षा दर शनिवारी होते.

आधी त्या कापलेल्या कडेचं. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन लहान, म्हणून विंडोजमध्ये अक्षरांचं प्रमाण १५० टक्के ठेवलेलं. शेजारी जुना मोठा मॉनिटर घेतला, त्याचं प्रमाण १०० टक्के. मी सबंध स्क्रीन दाखवत नाही, कारण बाजूला माझं उत्तराचं पान उघडं असतं. म्हणून ‘स्क्रीनचा भाग’ हा पर्याय घेऊन हिरवी चौकट कागदावर बसवते. आता हे अ‍ॅप चौकटीचं माप घेतं एका स्क्रीनच्या हिशोबाने आणि कापतं दुसऱ्या स्क्रीनच्या हिशोबाने. जमिनीच्या भाषेत सांगायचं तर एका काठीने मोजणी केली आणि दुसऱ्या काठीने हद्दीचे दगड रोवले. उपाय साधा निघाला, दोन्ही स्क्रीनचं प्रमाण सारखं करायचं. तेवढ्याने भागलं. ज्यांना तसं करणं परवडत नाही त्यांनी अ‍ॅपच्या फाइलवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज, कॉम्पॅटिबिलिटी, तिथे ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ उघडावं आणि प्रमाण कुणी ठरवायचं ते बदलून बघावं, अ‍ॅपने की सिस्टिमने. नाहीतर भाग न दाखवता एक पूर्ण खिडकीच दाखवावी. मी आता तेच करते.

काळ्या पडद्याचा किस्सा याच्या आधीचा. नवा लॅपटॉप घेतला, दुकानदाराने कौतुकाने सांगितलं की यात वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. पहिल्याच वर्गात स्क्रीन शेअर केली आणि तेरा जणांना काळंकुट्ट. आवाज येतोय, माझा चेहरा दिसतोय, माझा बाण काळ्यावर फिरतोय, कागद नाही. कंपनीच्या मदत-खिडकीत चॅट केलं तर समोरून, “अ‍ॅप काढून पुन्हा टाका.” टाकलं. तेच. “आता संगणक बंद करून चालू करा.” केला. तेच. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्या इंटरनेटचा वेग विचारला, तेव्हा मी चॅट बंद केलं. नेट कमी असेल तर चित्र अडखळतं, धुरकट होतं, चौकोन पडतात. काळं आणि तेही सारखं, स्थिर काळं, हे नेटचं काम नाही. एवढं तर मोडी वाचणाऱ्या बाईलाही कळतं.

कारण असं होतं. अशा लॅपटॉपमध्ये चित्र काढणारी कार्डं दोन. एक प्रोसेसरमध्येच असतं, वीज कमी खातं. दुसरं वेगळं, ताकदवान. तुमचा डेस्कटॉप बहुतेक वेळा पहिलं कार्ड रंगवतं. अ‍ॅपला विंडोजने किंवा ड्रायव्हरने, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, ‘हे जड काम’ समजून दुसऱ्या कार्डावर बसवलं की ते डेस्कटॉपची नक्कल मागतं अशा कार्डाकडे, ज्याच्याकडे डेस्कटॉप नाहीच. मिळतं ते काळं. मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या मदतीच्या पानावर हे लिहून ठेवलंय. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं जायचं, यादीत अ‍ॅप शोधायचं, नसेल तर घालायचं आणि ‘पॉवर सेव्हिंग’ निवडायचं. उलटं वाटतं, ताकदवान कार्ड असताना कमी ताकदीचं निवडायचं. पण अ‍ॅप बंद करून उघडलं आणि कागद दिसला. हे एक वाक्य मदत-खिडकीतल्या माणसाने पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं तर माझा एक शनिवार वाचला असता.

काळं दिसणं प्रत्येक वेळी बिघाडच असतो असंही नाही. तलाठीभाऊंनी एकदा फी भरल्याचं दाखवायला मोबाईलची स्क्रीन शेअर केली आणि बँकेचं अ‍ॅप उघडलं. सगळ्यांना काळं. भाऊ खजील, “बाई, खरंच भरलेत हो!” बँकेची अ‍ॅप्स अँड्रॉइडला सांगून ठेवतात की आमचं पान कुणाला दाखवू नकोस, त्याचा फोटोही घेऊ देऊ नकोस. ते काळं म्हणजे व्यवस्था नीट चाललीय. पैसे संध्याकाळी खात्यात दिसले.

वर्गातल्या डब्लिनच्या मुलीकडे मॅक. तिची तऱ्हा वेगळी. तिने गृहपाठ दाखवायला घेतला आणि आम्हाला दिसला निळा समुद्र. तिचा वॉलपेपर. ती बोलतेय, “ही दुसरी ओळ बघा ना मॅडम,” आणि आम्ही लाटा बघतोय. मला वाटलं चेष्टा करतेय. मॅकमध्ये २०१९ सालच्या कॅटालिना आवृत्तीपासून स्क्रीन टिपायला वेगळी परवानगी लागते. ती दिलेली नसेल तर अ‍ॅपला बाकीच्या खिडक्या दिसतच नाहीत, मागचा वॉलपेपर तेवढा दिसतो. सिस्टिम सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे स्क्रीन रेकॉर्डिंग, तिथे अ‍ॅपपुढचं बटण सुरू करायचं, आणि मग अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचं. शेवटची पायरी लोक विसरतात आणि म्हणतात, परवानगी देऊनही चालत नाही. लाल बिंदू दाबला की मॅकवर खिडकी मिटते, अ‍ॅप आत चालूच असतं. मेनूतून क्विट करावं लागतं. यात अ‍ॅपचा दोष किती? परवानगी मागणं अ‍ॅपलचं. पण “तुम्ही फक्त वॉलपेपर दाखवताय” एवढं शेअर करणाऱ्याला सांगणं अ‍ॅपला अशक्य नसावं.

पुण्याचा मुलगा इंजिनिअरिंगचा, त्याचं सगळं उबुंटू या लिनक्सवर. त्याच्याकडे अ‍ॅप उघडायचं, वर्ग दिसायचा, पण त्याने स्क्रीन शेअर केली की कधी काळं, कधी नुसता बाण. त्याने मला समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. लिनक्सवर पूर्वीपासून एक्स इलेव्हन नावाची व्यवस्था. त्यात कुठल्याही प्रोग्रॅमने कुणाच्याही खिडकीत डोकवावं, विचारायचं कारण नाही. वाड्यातल्या जुन्या बिऱ्हाडांसारखं, दारं उघडीच. आता आलं वेलँड. त्यात प्रत्येकाची खोली बंद. दुसऱ्याची खिडकी बघायची तर मध्यस्थाकडे अर्ज करायचा, तो मालकाला विचारणार, आणि हो म्हटलं तर पाइपवायर नावाच्या नळातून चित्र सोडणार. ज्या अ‍ॅपला अर्ज करायचं माहीत नाही, त्याच्या हाती काळं. उबुंटूने २२.०४ मध्ये बहुतेकांना वेलँडच समोर ठेवलं. आमच्या अ‍ॅपची त्याच्याकडची आवृत्ती जुनी होती, तिला ही पद्धत ठाऊक नव्हती. तो काही दिवस लॉगिनच्या पानावर उजव्या कोपऱ्यातलं दातेरी चक्र दाबून ‘उबुंटू ऑन झॉर्ग’, म्हणजे जुनं एक्स इलेव्हन, निवडायचा आणि मग वर्गाला यायचा. पुढे अ‍ॅपची आवृत्ती सुधारली. आणि हा आडमार्ग आता तसाही मिटत चाललाय, उबुंटू २५.१० मधून तो पर्यायच काढून टाकलाय. त्यामुळे ज्यांची मदार त्या चक्रावर आहे त्यांनी अ‍ॅप अद्ययावत करावं, नाहीतर ब्राउझरमधून मीटिंगला यावं. फायरफॉक्स आणि क्रोम दोघांनाही अर्ज करता येतो.

वकीलसाहेबांच्या ऑफिसातल्या जुन्या डेस्कटॉपवर हिरवं. म्हणजे माझा चेहरा अर्धा नेहमीचा, अर्धा हिरवागार, मधूनच आडव्या पट्ट्या. ते म्हणाले, “बाई, तुमच्याकडे पाऊस जास्त झालाय वाटतं.” हिरवंच का, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. व्हिडिओ पाठवताना लाल-हिरवा-निळा असा पाठवत नाहीत. उजेड वेगळा आणि रंगाचे दोन आकडे वेगळे, असा पाठवतात. ग्राफिक्स कार्डाला एखादी पट्टी उलगडता आली नाही की तिथे तिन्ही जागी शून्य राहतं, आणि त्या पद्धतीत तीन शून्यांचा रंग काळा होत नाही, गडद हिरवा होतो. म्हणजे एकट्यालाच असं हिरवं दिसलं की समजावं, बहुधा पाठवणाऱ्याकडे सगळं ठीक आहे, बघणाऱ्याचं कार्ड अडलंय. त्यांनी अ‍ॅपच्या व्हिडिओ सेटिंगमधलं ‘हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन’ बंद केलं, म्हणजे उलगडण्याचं काम कार्डाकडून काढून प्रोसेसरकडे दिलं. पंखा मोठ्याने फिरतो, पण माणूस माणसाच्या रंगाचा दिसतो. ब्राउझरमधून येणाऱ्यांना क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’खाली तसंच एक बटण आहे.

आणि एक किल्ली सगळ्यांनी पाठ करावी. वर्ग चालू असताना विंडोजची स्क्रीन गोठली किंवा चित्राचा विचका झाला, तर विंडोजचं बटण, कंट्रोल, शिफ्ट आणि बी, चारही एकदम दाबायची. स्क्रीन क्षणभर काळी होते, टक् असा आवाज येतो आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडं असलेलं काही जात नाही. मला हे कळलं तेव्हा मी दिवसातून दोनदा उगीचच दाबून बघायचे.

आता अ‍ॅप पटकन मिटण्याबद्दल. २०२३ साली दोन महिने हे आमच्या मानगुटीवर होतं. मी शिकवतेय, मध्येच सगळं गायब, समोर डेस्कटॉप. पुन्हा आत यायला दोन मिनिटं. तोवर वर्ग आपापसात गप्पा मारतो, तलाठीभाऊ पाण्याच्या पाळीची चर्चा काढतात, मग त्यांना मोडीवर आणायला आणखी पाच. मी वही घातली. सवयच ती. तारीख, वेळ, त्या क्षणी काय चालू होतं, दुसरा मॉनिटर जोडलेला की नाही, पाठीमागचं धूसर करणं चालू की बंद. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. अकरापैकी नऊ वेळा मी शेअर थांबवून दुसरा कागद लावत होते. माझी खात्री होती की पाठीमागचं धूसर करणं हाच चोर, पण वहीत त्याच्याविरुद्ध काहीच सापडलं नाही.

मग विंडोजच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ लिहिलं आणि ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री’ उघडली. ही सोय विंडोजमध्ये कित्येक वर्षांपासून आहे आणि कुणी उघडत नाही. दिवसवार आलेख, जिथे काही कोसळलं तिथे लाल फुली. फुलीवर टिचकी मारली की ‘फॉल्ट मॉड्यूल नेम’ म्हणून एका फाइलचं नाव येतं, म्हणजे कोसळताना हात कुणाच्या मानेवर होता ते. सगळ्या फुल्यांमध्ये नाव एकच, आणि ते अ‍ॅपचं नव्हतं. सुरुवात ‘आयजीडी’ अक्षरांनी. ती इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल. नाव ‘एनव्ही’ने सुरू झालं असतं तर एनव्हिडियाची. माझ्या वहीतली पहिली नोंद आणि ड्रायव्हर आपोआप अद्ययावत झाल्याची तारीख यांत दोन दिवसांचं अंतर. डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स, ड्रायव्हर, ‘रोल बॅक’. जुना ड्रायव्हर आला, फुल्या थांबल्या. पुढे लॅपटॉप बनवणाऱ्यांच्या पानावरून नवा घेतला, तोही नीट चालला.

मी ती सगळी हकिगत, तारखा, फाइलचं नाव, असं मदत-खिडकीत लिहून पाठवलं. कुणाला तरी उपयोग होईल म्हणून. दोन दिवसांनी उत्तर आलं, “अ‍ॅप काढून पुन्हा टाका.”

आमच्या वर्गाला सगळ्यात जास्त त्रास मात्र कोसळण्याचा नाही, धूसरपणाचा. बाकी लोक मीटिंगमध्ये आलेख नाहीतर एकमेकांची तोंडं बघतात, थोडं धूसर चालतं. मोडीत एक गाठ गेली की अक्षर बदलतं. बोरूची जाड-बारीक फिरत जिथे वळते तिथेच ओळख असते, आणि अ‍ॅप दाबून पाठवताना आधी तेच खातं. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हं नाहीत. आधीच कागदाने एवढं गाळलेलं, त्यात अ‍ॅपने आणखी गाळायचं. शेअर करताना ‘व्हिडिओसाठी सुधारा’ अशा अर्थाची एक खूण असते. ती चुकून चालू राहिली की अ‍ॅप हलत्या चित्रासाठी वेग वाढवतं आणि बारकावा कमी करतं. ती बंदच ठेवायची. कागद स्थिर ठेवून दोन-तीन सेकंद थांबायचं, मग चित्र हळूहळू स्वच्छ होत जातं. मी आता नवीन पान लावलं की आधी घोटभर पाणी पिते, आणि मगच वाचायला सांगते.

लिहून दाखवायचं असेल तेव्हा मोबाईल स्टीलच्या दोन डब्यांवर फळी टाकून उलटा ठेवते, खाली कागद. पहिल्या दिवशी मी बोरूने अक्षरं काढली आणि माझ्या स्क्रीनवर सगळी उलटी, आरशातल्यासारखी. मी घाबरून वर्ग थांबवला. पलीकडून वकीलसाहेब, “आम्हाला सुलटीच दिसताहेत, बाई.” कॅमेरा चालू असला की अ‍ॅप आपलं चित्र आपल्यालाच फक्त उलटं दाखवतं, आरशाची सवय म्हणून. इतरांना सरळ जातं. सेटिंगमध्ये ‘मिरर’ची खूण काढली की आपल्यालाही सरळ दिसतं. हे एक वाक्य पहिल्या वर्गाच्या आधी कुणी सांगितलं असतं तर पन्नाशी ओलांडलेल्या बाईची धडधड वाचली असती.

चॅटमध्ये मोडी अक्षरं टाकली की निम्म्या वर्गाला रिकामे चौकोन. मोडी युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या जागतिक अक्षरसंचात, आली २०१४ साली, सातव्या आवृत्तीत, पण फाँट असल्याशिवाय दिसणार कशी? ‘नोटो सान्स मोडी’ फुकट मिळतो. तो टाकल्यावर संगणकवाल्यांचं काम झालं. फोनवाले बरेचजण अजून चौकोनच बघतात, त्यांच्यासाठी मी फोटो टाकते.

पर्याय म्हणून जित्सी मीट जवळ ठेवलंय. २००३ साली स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात विद्यार्थ्याचा प्रकल्प म्हणून सुरू झालेल्या जित्सीचंच हे पुढचं रूप, मुक्त स्रोताचं. वर्गाला काही उतरवून घ्यावं लागत नाही, दुवा दाबला की ब्राउझरमध्ये खोली. २०२३च्या ऑगस्टपासून त्यांच्या मुख्य ठिकाणी खोली उघडणाऱ्याला खात्याने आत यावं लागतं, आत येणाऱ्या बाकीच्यांना नाही. आमचं अ‍ॅप अडलं की मी गटावर जित्सीचा दुवा टाकते. गेल्या वर्षभरात चार वेळा टाकला. ब्राउझरमधून आलं की अ‍ॅपचे बरेच हट्ट मागे राहतात, मॅकची परवानगी आणि वेलँडचा अर्ज मात्र तिथेही लागतात, कारण ते दारावरचे पहारेकरी आहेत, घरातले नव्हेत.

मग मी वर्गणी का भरते, हा प्रश्न डब्लिनच्या मुलीने विचारला होता. एक तर ध्वनिमुद्रण चांगलं येतं, ज्यांचा वर्ग बुडला ते नंतर बघतात. दुसरं, तलाठीभाऊ. त्यांचं गाव नाशिकपासून आत आहे, नेट दोन काड्यांवर असतं, आणि तेवढ्या नेटवरही हे अ‍ॅप त्यांचा आवाज तुटू देत नाही. चित्र सोडून देतं पण आवाज धरून ठेवतं. हा शहाणपणा मी दुसरीकडे इतका पाहिला नाही. पाचपैकी तीन तारे, त्यातला एक नुसता तेवढ्यासाठी. अर्धा तारा कापलाय तो मदत-खिडकीसाठी, दीड तारा त्या तिसासाठी.

त्या दिवसानंतर मी एक पान करून ठेवलंय. चार कोपऱ्यांत एक, दोन, तीन, चार, मध्ये बारीक बोरूने एक ओळ. वर्ग सुरू झाला की हेच पान आधी लागतं आणि एकेकाने कोपरे मोजून ओळ वाचायची. चौदा जणांना तीन मिनिटं लागतात. परवा तलाठीभाऊ म्हणाले, “बाई, दोन नाही दिसत.” मी सेटिंग्ज उघडली, चौकट तपासली, प्रमाण तपासलं, दुसऱ्या खात्याने आत जाऊन बघितलं, चारही कोपरे जागेवर. बाकी सगळ्यांना दोन दिसत होता. शेवटी त्यांना फोन दुसऱ्या बाजूला आडवा करायला सांगितला. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याचं भोक नेमकं दोनवर बसलं होतं. “आता दोन आला,” भाऊ म्हणाले, “पण तीन गेला.”